विश्लेषण : रात्री उतरताना छोटी विमाने का कोसळतात? वैमानिकाचे डोळे त्याला कसे फसवतात?

इंजिन व्यवस्थित चालू आहे. इंधन पुरेसे आहे. शहराचे दिवे दिसू लागले आहेत आणि धावपट्टी दोन-तीन किलोमीटरवर आली आहे. तरीही विमान तिथपर्यंत पोहोचत नाही. वाटेतल्या विजेच्या मनोऱ्याला, झाडांना किंवा टेकडीला धडकते. छोट्या विमानांच्या रात्रीच्या अपघातांमध्ये हा प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. यात बहुतेकदा विमानात बिघाड नसतो. वैमानिकाला आपण योग्य उंचीवर आहोत असे वाटत असते, प्रत्यक्षात विमान बरेच खाली आलेले असते. असे का होते, ते टाळण्यासाठी कोणती साधने आहेत आणि ती असूनही अपघात का थांबत नाहीत, याचा हा आढावा.

विमान विजेच्या मनोऱ्यात अडकले, ते कसे?

२७ नोव्हेंबर २०२२. अमेरिकेतील मेरीलँड राज्यातील गेथर्सबर्ग. न्यूयॉर्कजवळच्या व्हाइट प्लेन्स येथून निघालेले एक इंजिनाचे मूनी एम२०जे हे छोटे विमान माँटगोमेरी काउंटी एअरपार्क या विमानतळावर उतरण्याच्या तयारीत होते. संध्याकाळचे साडेपाच वाजत आले होते, अंधार पडला होता, ढग अगदी खाली आले होते आणि धुके होते. विमानतळ जेमतेम दीड-दोन किलोमीटरवर असताना विमान उच्चदाबाच्या वीजवाहिनीच्या मनोऱ्याला धडकले आणि जमिनीपासून सुमारे १०० फुटांवर मनोऱ्यातच अडकून बसले.

परिसरातील लाखभर ग्राहकांची वीज गेली. वैमानिक आणि एक प्रवासी विमानात जिवंत होते, पण वाहिन्यांतील वीज पूर्ण बंद होऊन त्या जमिनीला जोडल्याची खात्री होईपर्यंत बचाव पथकाला वर जाता येत नव्हते. सुमारे सात तासांनी, मध्यरात्रीनंतर दोघांना खाली उतरवण्यात आले. दोघेही वाचले.

अमेरिकेत विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या ‘नॅशनल ट्रान्स्पोर्टेशन सेफ्टी बोर्ड’ने (एनटीएसबी) काढलेला निष्कर्ष साधा होता. उतरण्याच्या ठरलेल्या पद्धतीत प्रत्येक टप्प्यावर एक किमान उंची दिलेली असते. वैमानिकाने ती एकदा नव्हे, अनेक टप्प्यांवर मोडली आणि विमान वेळेआधीच खाली आणले.

सॅन दिएगोत काय घडले?

गेथर्सबर्गमध्ये नशिबाने साथ दिली. २२ मे २०२५ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोत दिली नाही. सेस्ना सायटेशन हे छोटे जेट विमान न्यू जर्सीतून रात्री निघाले, वाटेत कॅन्सस राज्यातील विचिटा येथे इंधनासाठी थांबले आणि पहाटे पावणेचारच्या सुमारास माँटगोमेरी-गिब्ज विमानतळाकडे येऊ लागले. दाट धुके होते. रात्रीची वेळ असल्याने विमानतळाचा नियंत्रण मनोरा बंद होता.

त्या रात्री एकाच वेळी अनेक गोष्टी नव्हत्या. विमानतळावरील स्वयंचलित हवामान केंद्र विजेच्या दाबातील बिघाडामुळे बंद पडले होते. धावपट्टीकडे वाट दाखवणारे अप्रोच दिवे २०२२ पासून नादुरुस्त होते. वैमानिकाला हवामानाचा अंदाज मिळाला तो काही किलोमीटरवरच्या मिरामार लष्करी तळाचा, आणि तोही वाईट होता. दुसरीकडे जाण्याच्या पर्यायाबद्दल नियंत्रकाशी बोलणे झाले, पण आधी एकदा उतरण्याचा प्रयत्न करायचे ठरले. धावपट्टीपासून सुमारे तीन किलोमीटरवर विमान वीजवाहिन्यांना धडकले आणि नौदलाच्या कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत कोसळले. विमानातील सहाही जण मृत्युमुखी पडले. घरे आणि गाड्या जळाल्या, पण झोपेतून जाग्या झालेल्या रहिवाशांपैकी कोणाचा जीव गेला नाही.

भारतात असे अपघात झाले आहेत का?

हो. मध्य प्रदेशातील रीवा येथे ५ जानेवारी २०२३ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास एक प्रशिक्षण विमान चोरहटा धावपट्टीवर उतरण्यासाठी येत होते. थंडीचे दिवस, दाट धुके. धावपट्टीपासून काही किलोमीटरवरील उमरी गावात ते मंदिराच्या कळसाला आणि विजेच्या तारांना धडकून कोसळले. प्रशिक्षक वैमानिकाचा मृत्यू झाला, प्रशिक्षणार्थी जखमी झाला.

त्याआधी ६ मे २०२१ रोजी, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, रेमडेसिव्हिर इंजेक्शने घेऊन निघालेले मध्य प्रदेश सरकारचे किंग एअर विमान रात्री ग्वाल्हेरला उतरताना धावपट्टीच्या टोकाशी असलेल्या ‘अरेस्टर बॅरियर’ला धडकले. हा अडथळा म्हणजे लढाऊ विमान धावपट्टीबाहेर जाऊ नये म्हणून उभारलेली जाळी. विमानातील तिघे जखमी झाले, विमानाचे मोठे नुकसान झाले.

चारही घटनांत विमान वेगळे, हवामान वेगळे, वैमानिकाचा अनुभव वेगळा. साम्य एकच. विमान उतरायला आले होते, अंधार होता आणि धडक झाली ती वाटेतल्या अशा वस्तूशी, जिच्या बरेच वरून विमानाने जायला हवे होते.

‘बरेच वरून’ म्हणजे नेमके किती?

इथे थोडे शाळेतले त्रिकोणमितीचे गणित कामी येते. बहुतेक विमाने धावपट्टीकडे तीन अंशांच्या उतारावरून येतात. हा उतार फार सौम्य असतो. साधारण १९ मीटर पुढे गेल्यावर विमान एक मीटर खाली येते.

या हिशेबाने धावपट्टीपासून तीन किलोमीटरवर विमान दीडशे मीटरच्या वर असायला हवे. एक सागरी मैलावर, म्हणजे १,८५२ मीटरवर, ते सुमारे ९७ मीटर उंच हवे. आता वैमानिक नकळत तीनऐवजी दोन अंशांच्या उतारावर आला असे समजू. त्याच ठिकाणी उंची ६५ मीटर उरते. दीड अंशावर आला तर ४८ मीटर. उच्चदाब वाहिनीचा मनोरा सहज तीस-चाळीस मीटर उंच असतो. त्याखाली चढाची जमीन असेल तर अंतर उरतच नाही.

एक-दीड अंशाचा हा फरक डोळ्याला जाणवत नाही. दिवसा तो भरून निघतो, कारण झाडे, घरे, रस्ते, गाड्या दिसत असतात. आपण किती उंचीवर आहोत याचा अंदाज मेंदू या ओळखीच्या वस्तूंच्या आकारावरून लावतो. रात्री या सगळ्या खुणा नाहीशा होतात. उरतात ते फक्त दिवे, आणि दिवा किती लांब आहे हे नुसत्या दिव्याकडे बघून सांगता येत नाही.

‘ब्लॅक होल अप्रोच’ म्हणजे काय?

अंतराळातील कृष्णविवराशी याचा संबंध नाही. धावपट्टीच्या अलीकडे समुद्र, तलाव, जंगल, शेते किंवा ओसाड माळ असेल तर रात्री तिथे एकही दिवा नसतो. वैमानिकाला खाली काळाकुट्ट पोकळी आणि पलीकडे धावपट्टीचे व शहराचे दिवे एवढेच दिसते. या स्थितीला वैमानिकांच्या भाषेत ‘ब्लॅक होल अप्रोच’ म्हणतात.

अशा वेळी बहुतेक वैमानिकांना आपण आहोत त्यापेक्षा जास्त उंचीवर आहोत असे वाटते. साहजिकच ते विमान खाली आणतात. धावपट्टीचे जवळचे टोक आणि लांबचे टोक यांच्यामध्ये डोळ्याशी एक कोन होतो. विमान नेहमीच्या तीन अंशांच्या सरळ मार्गाने येत असेल, तर धावपट्टी जवळ येईल तसा हा कोन वाढत जातो. पण इतर काही खुणा नसल्या की वैमानिक नकळत हा कोन तेवढाच ठेवण्याचा प्रयत्न करतो. ‘चित्र बदलत नाही, म्हणजे सगळे ठीक आहे,’ असे मेंदू समजतो.

कोन कायम ठेवून येणाऱ्या विमानाचा मार्ग सरळ रेषेत राहत नाही. कपडे वाळत घालायच्या सैल दोरीसारखा तो मध्ये खाली झुकतो. सुरुवातीला विमान जरुरीपेक्षा जास्त खाली येते आणि शेवटचे अंतर जवळजवळ जमिनीला समांतर कापते. जमीन सपाट आणि मोकळी असेल तर ते कसेबसे धावपट्टी गाठते. मध्ये टेकडी, झाडे किंवा मनोरा असेल तर तिथेच संपते.

हे कोणी शोधून काढले?

ऑगस्ट १९६५ ते फेब्रुवारी १९६६ या सहा महिन्यांत त्या काळची नवी कोरी चार बोइंग ७२७ विमाने अंधारात विमानतळाकडे येताना अपघातग्रस्त झाली. एक शिकागोजवळ मिशिगन सरोवरात पडले, एक टोकियोच्या उपसागरात, एक सिनसिनाटीजवळ ओहायो नदीच्या खोऱ्याच्या कडेला आदळले, तर चौथे सॉल्ट लेक सिटीत धावपट्टीच्या अलीकडे आपटले. विमानातच काही दोष आहे का, अशी शंका घेतली जाऊ लागली.

बोइंगमधील मानसशास्त्रज्ञ कॉनराड क्राफ्ट यांनी प्रश्न उलटा विचारला. विमान ठीक असेल तर वैमानिकाला काय दिसत होते? त्यांनी रात्रीच्या शहराची दिव्यांसह प्रतिकृती तयार केली आणि अनुभवी वैमानिकांना केवळ बाहेर बघून सिम्युलेटर उतरवायला सांगितले. बहुतेक जण आपल्या अंदाजापेक्षा खूप खाली गेले. शहर धावपट्टीच्या मागे चढावर वसलेले असेल तर चूक आणखी वाढत होती. हे वैमानिक नवशिके नव्हते. अनुभवाने हा भास जात नाही, तो फक्त ओळखता येतो, हा या प्रयोगाचा खरा धडा होता.

प्रत्येक धावपट्टी सारखीच फसवते का?

नाही. धावपट्टी अरुंद असेल तर ती लांब आणि खोल वाटते. वैमानिकाला आपण उंच आहोत असा भास होतो आणि तो खाली येतो. पुढे चढ असलेल्या धावपट्टीवरही हेच घडते. रुंद किंवा पुढे उतार असलेल्या धावपट्टीवर उलटे होते, विमान जास्त उंचावरून येते.

छोट्या विमानांच्या बाबतीत हे महत्त्वाचे, कारण त्यांचा वावर छोट्या विमानतळांवर असतो. मुंबई-पुण्याच्या रुंद धावपट्टीची सवय असलेला वैमानिक जिल्ह्याच्या ठिकाणच्या अरुंद धावपट्टीवर रात्री पहिल्यांदा येतो, तेव्हा डोक्यातले चित्र आणि समोरचे चित्र जुळत नाही. पाऊस पडत असेल आणि काचेवर पाणी असेल तर दिवे फिसकटून दिसतात. हवा अतिशय स्वच्छ असेल तर दिवे आहेत त्यापेक्षा जवळ वाटतात.

अंधारात डोळ्यांचे काय होते?

माणसाच्या डोळ्यात दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात. रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकू पेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागी दाटीने असतात. मंद उजेडात काम करणाऱ्या दंड पेशी कडेला असतात. त्यामुळे अगदी अंधारात समोर रोखून पाहिले तर अंधूक वस्तू दिसेनाशी होते, किंचित बाजूला पाहिले तर दिसते. वैमानिकांना ही ‘कडेने बघायची’ सवय मुद्दाम लावली जाते.

अंधाराला सरावायला डोळ्यांना सुमारे अर्धा तास लागतो. तो सराव पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने काही सेकंदांत मोडतो. मोबाइलचा पडदा किंवा कॉकपिटमधील प्रखर टॅब्लेटही त्याला पुरतो. शिवाय काळोखात एकच दिवा सतत रोखून पाहिला तर काही सेकंदांत तो हलतो आहे असे वाटू लागते. प्रत्यक्षात हलत असतो आपला डोळा.

डोळ्यांपाठोपाठ कान कसा फसवतो?

क्षितिज दिसत नसेल तेव्हा शरीर तोलासाठी अंतर्कर्णावर विसंबते. पण अंतर्कर्णाला हळूहळू होणारे वळण कळत नाही. विमान एका बाजूला कलून गोल फिरू लागले तरी वैमानिकाला आपण सरळ जात आहोत असे वाटत राहते.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांचा अपघात. १६ जुलै १९९९ च्या रात्री ते स्वतः पायपर साराटोगा विमान चालवत न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले होते. सोबत पत्नी आणि मेहुणी होती. केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालवण्याची पात्रता त्यांनी मिळवलेली नव्हती. खाली समुद्र, हवेत धुरकट पडदा, चंद्रप्रकाश नाममात्र. विमानतळ काही मैलांवर असताना, उंची कमी करत असताना विमान गिरक्या घेत समुद्रात कोसळले. रात्री समुद्रावर खाली येताना दिशाभान हरपल्याने वैमानिकाचे विमानावरील नियंत्रण सुटले, असा निष्कर्ष एनटीएसबीने काढला. विमानात बिघाड आढळला नाही.

कानाची दुसरी फसवणूक आणखी धोक्याची आहे. धावपट्टी दिसली नाही म्हणून वैमानिक पुन्हा वर जायचे ठरवतो आणि इंजिनाची पूर्ण ताकद लावतो. विमान एकदम वेग घेते. पाठ सीटवर दाबली जाते आणि अंधारात मेंदू त्याचा अर्थ ‘नाक फार वर गेले आहे’ असा लावतो. अशा वेळी नाक खाली दाबण्याची तीव्र इच्छा होते. जमीन शंभर-दीडशे मीटरवर असताना ही चूक सुधारायला वेळ मिळत नाही.

मग वैमानिकाने विश्वास कशावर ठेवायचा?

सर्वांत सोपे साधन म्हणजे धावपट्टीच्या कडेला ओळीने लावलेले चार दिवे. ‘प्रिसिजन अप्रोच पाथ इंडिकेटर’ असे त्यांचे लांबलचक नाव आहे, त्याचे लघुरूप ‘पापी’. मराठी कानाला नाव विचित्र वाटेल, पण काम पुण्याचे आहे. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात विकसित झालेली ही पद्धत आता जगभर वापरली जाते.

प्रत्येक दिव्याच्या झोताचा वरचा भाग पांढरा आणि खालचा लाल असतो, आणि चारही दिवे किंचित वेगवेगळ्या कोनात बसवलेले असतात. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर विमान योग्य उतारावर आहे. तीन किंवा चार पांढरे म्हणजे विमान उंच आहे. तीन लाल म्हणजे खाली गेले आहे. चारही लाल दिसले तर विमान धोकादायकरीत्या खाली आहे, ताबडतोब उंची घ्यायला हवी. वैमानिकाला कोणताही भास होत असला तरी हे दिवे बदलत नाहीत. मात्र ते धुक्यातून दिसत नाहीत, आणि धावपट्टीच्या सरळ रेषेपासून विमान बरेच बाजूला असेल तर त्यांच्या इशाऱ्यावर विसंबून वाटेतल्या अडथळ्यांपासून सुरक्षित राहण्याची हमी नसते.

अमेरिकेतील अनेक छोट्या विमानतळांवर रात्री कोणीच नसते. तिथे धावपट्टीचे दिवे वैमानिक स्वतः लावतो. ठरलेल्या रेडिओ लहरीवर पाच सेकंदांत माइकचे बटण सात वेळा दाबले की दिवे पूर्ण तेजाने लागतात, पाच वेळा दाबले की मध्यम, तीन वेळा दाबले की मंद.

धुके असेल तर काय करायचे?

तेव्हा उपकरणांच्या आधारे उतरण्याची पद्धत वापरली जाते. प्रत्येक धावपट्टीसाठी एक आराखडा असतो. कोणत्या बिंदूपर्यंत किती उंचीखाली जायचे नाही, हे त्यात आकड्यांत लिहिलेले असते. शेवटी एक निर्णयाची उंची येते. तिथवर येऊन धावपट्टी किंवा तिचे दिवे स्पष्ट दिसले तरच पुढे जायचे. नाही दिसले तर चर्चा नाही, विचार नाही, सरळ वर जायचे. याला ‘मिस्ड अप्रोच’ किंवा ‘गो-अराउंड’ म्हणतात.

खरा मोह याच ठिकाणी असतो. ढगाच्या फटीतून खालचे दिवे क्षणभर दिसतात. ‘अजून पन्नास फूट खाली गेलो तर धावपट्टी दिसेल,’ असे वाटते. ते दिवे रस्त्याचे असू शकतात, पेट्रोल पंपाचे असू शकतात. गेथर्सबर्गमधील अहवाल सांगतो, की किमान उंचीचे आकडे वैमानिकाच्या समोरच्या आराखड्यात होते. ते पाळले गेले नाहीत.

उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरचीही एक अडचण आहे. ते हवेच्या दाबावरून उंची काढते, त्यामुळे त्या भागातील ताजा दाब त्यात भरावा लागतो. दाबात एका मिलिबारची चूक झाली तर उंचीत जवळपास २७ फुटांची चूक होते. दहा मिलिबार चुकले तर फरक ८० मीटरच्या वर जातो. विमानतळावरील हवामान केंद्र बंद असणे ही किरकोळ बाब नाही, ती यामुळेच.

नियम काय सांगतात?

अमेरिकेत खासगी वैमानिकाला बाहेर बघून, म्हणजे ‘व्हिज्युअल’ नियमांनुसार, रात्रीही उडता येते. मात्र प्रवासी घेऊन जायचे असतील तर मागील ९० दिवसांत रात्री किमान तीन उड्डाणे आणि विमान पूर्ण थांबेपर्यंतची तीन अवतरणे केलेली असावी लागतात.

भारतात नियम अधिक कडक आहेत. सूर्यास्त ते सूर्योदय या काळात व्हिज्युअल नियमांनुसार उड्डाणाला सर्वसाधारणपणे परवानगी नाही. हवाई वाहतूक नियंत्रणाने सूट दिलेली स्थानिक उड्डाणे आणि फ्लाइंग क्लबची प्रशिक्षण उड्डाणे हा अपवाद. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांच्या अनुभवात रात्रीचे किमान पाच तास आणि त्यात दहा उड्डाणे व दहा अवतरणे स्वतःच्या जबाबदारीवर करावी लागतात. बारामती, गोंदिया, शिरपूर अशा ठिकाणी वैमानिक होण्यासाठी आलेल्या मुलामुलींना हा टप्पा पार करावाच लागतो. पाच तास म्हणजे ओळख होण्यापुरता वेळ. त्यापुढे रात्रीचा सराव किती टिकतो हे ज्याच्या त्याच्या कामावर अवलंबून असते.

तंत्रज्ञान मदतीला येते का?

नक्कीच येते. पण सर्वांपर्यंत सारखे पोहोचत नाही. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा कॅनडात जन्मलेले अभियंते डॉन बेटमन यांनी विकसित केली. १९७० च्या दशकात ती अमेरिकेत मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीची झाली. पुढे १९९० च्या दशकात त्यात जगभरच्या भूभागाचा नकाशा जोडला गेला आणि इशारा आधीच मिळू लागला. मोठ्या विमानांचे डोंगराला धडकून होणारे अपघात त्यानंतर झपाट्याने कमी झाले. एक इंजिनाच्या छोट्या विमानांना मात्र ही सक्ती नाही. तिथे वैमानिकाच्या टॅब्लेटमधील नकाशाचे ॲप हाच अनेकदा एकमेव आधार असतो.

दुसरा मार्ग उपग्रहाचा. मोठ्या विमानतळांवर असते तशी ‘आयएलएस’ यंत्रणा बसवणे आणि सांभाळणे छोट्या विमानतळांना परवडत नाही. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने तयार केलेली ‘गगन’ प्रणाली जीपीएसच्या संकेतातील चूक सुधारून वैमानिकाला आडव्या दिशेबरोबर उतरण्याचा उभा कोनही दाखवते, आणि त्यासाठी धावपट्टीवर वेगळी यंत्रणा लागत नाही. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढ विमानतळावर इंडिगोचे एटीआर विमान ‘गगन’च्या आधारे उतरले. विमानात त्यासाठीचा रिसीव्हर हवा आणि त्या धावपट्टीसाठी तपासून मंजूर केलेला आराखडा हवा, या मात्र दोन अटी आहेत.

‘नाइट लँडिंग’ म्हणजे फक्त दिवे का नव्हेत?

महाराष्ट्रात हा शब्द बातम्यांतून सतत कानावर येतो. शिर्डी विमानतळावर रात्रीची प्रवासी सेवा २०२५ मध्ये सुरू झाली. इतर शहरांतूनही तशी मागणी होत असते. अनेकांचा समज असा, की धावपट्टीच्या कडेला दिवे लावले की काम झाले.

प्रत्यक्षात दिवे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. येण्या-जाण्याच्या मार्गातील झाडे, मोबाइल टॉवर, उंच इमारती, वीजवाहिन्या यांचे सर्वेक्षण करावे लागते. हटवता येतील ते अडथळे हटवावे लागतात, बाकीच्यांवर लाल दिवे लावावे लागतात आणि ते रोज रात्री जळतात का हे पाहावे लागते. ‘पापी’चा कोन तपासावा लागतो. हवामानाची ताजी नोंद देणारा माणूस किंवा यंत्र रात्रभर चालू हवे. अग्निशमन दल हजर हवे. सॅन दिएगोत धावपट्टी होती, परवानगी होती, पण हवामान केंद्र आणि अप्रोच दिवे बंद होते. त्यातील एखादी गोष्ट चालू असती तर अपघात टळला असता का, हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. पण वैमानिकाला निर्णय घेण्यासाठी लागणारी माहिती कमी झाली, एवढे नक्की.

प्रवाशाची यात काही भूमिका असते का?

असते, आणि ती अनेकांना ठाऊक नसते. मोठ्या विमान कंपनीत वैमानिक आणि प्रवासी यांच्यात बंद दार असते. छोट्या विमानात मालक, नेता, उद्योजक किंवा घरचा माणूस वैमानिकाच्या मागच्याच सीटवर बसलेला असतो. सकाळी बैठक आहे, सभा आहे, लग्न आहे. दुसऱ्या विमानतळावर उतरायचे म्हणजे गाडीने तीन तास, हॉटेलचा खर्च आणि वरून ‘इतके जवळ येऊन परत का फिरलात?’ हा प्रश्न. कोणी काही बोलले नाही तरी हा दबाव कॉकपिटमध्ये पोहोचतो. त्यात रात्रभराच्या प्रवासाचा थकवा असेल तर निर्णय आणखी अवघड होतो.

म्हणून अनुभवी वैमानिक काही गोष्टी जमिनीवर असतानाच ठरवून ठेवतात. हवामान किती खराब असेल तर निघायचेच नाही, किती प्रयत्नांनंतर पर्यायी विमानतळाकडे वळायचे आणि तिथे पोहोचून वर शिल्लक राहील इतके इंधन. अनेक कंपन्यांमध्ये एक ठरलेला दंडक असतो. ढगात किंवा धुक्यात १,००० फुटांवर आणि मोकळ्या हवेत ५०० फुटांवर वेग, उतरण्याचा दर आणि दिशा स्थिर नसेल तर कारण न विचारता पुन्हा वर जायचे. छोट्या खासगी विमानासाठीही हा दंडक तितकाच उपयोगी आहे.

भाड्याच्या छोट्या विमानाने रात्री प्रवास करणाऱ्यांनी निघण्यापूर्वी तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. उतरायच्या ठिकाणी आत्ता हवामान कसे आहे? तिथे रात्रीची कोणती साधने चालू आहेत? आणि उतरता आले नाही तर आपण कुठे जाणार? तिसऱ्या प्रश्नाला वैमानिकाकडे लगेच उत्तर असायला हवे. ते ऐकून घेतल्यावर ‘तसे झाले तर आम्ही तिथून गाडीने जाऊ, काळजी करू नका,’ एवढे त्याला सांगून ठेवावे. रात्री धुक्यात निर्णयाच्या उंचीवर आलेल्या वैमानिकाला माघारी फिरणे त्यामुळे थोडे तरी सोपे होते.